पुलित्झर हॉल ते लासलगाव

कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेची इमारत ब्रॉडवेच्या बाजूला आहे आणि आंतरराष्ट्रीय संबंधांची अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला, ११८व्या रस्त्यावर. पहिलीचं नाव पुलित्झर हॉल. दुसरीतल्या शाळेला सगळे ‘सीपा’ म्हणतात. मधे लो लायब्ररीच्या रुंद पायऱ्या लागतात. चालत दहा मिनिटांचं अंतर. पण दोन्हीकडे नाव घातलेल्या विद्यार्थ्याला या दहा मिनिटांत विचार करायची अख्खी पद्धत बदलावी लागते. इकडे सांगतात, माणूस गाठ, त्याचं नाव लिही, वय विचार, तो म्हणतो ते दुसऱ्या दोघांकडून पडताळ आणि संध्याकाळच्या आत मजकूर दे. तिकडे सांगतात, एका माणसावरून काही ठरवू नकोस, शंभर वर्षं मागे जा, त्या देशाला दुसरा कोणता मार्ग मोकळा होता ते शोध आणि मग बोल. एकाला घाई हवी, दुसऱ्याला घाईचा तिटकारा.

पत्रकारितेची शाळा १९१२ची. जोसेफ पुलित्झर या हंगेरीतून आलेल्या स्थलांतरित मुलाने वृत्तपत्रं काढून पैसा मिळवला आणि त्यातले वीस लाख डॉलर बातमीदारांच्या शिक्षणासाठी ठेवले. बातमीदारी शिकवता येते या कल्पनेलाच तेव्हा लोक हसत होते. शाळा सुरू झालेली पाहायला पुलित्झर राहिले नाहीत, १९११मध्येच ते गेले. सीपा १९४६ची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, संयुक्त राष्ट्रांचा कारभार न्यूयॉर्कात येऊ घातलेला, आणि जग समजणारी माणसं तयार करायची निकड अमेरिकेला वाटू लागलेली. दोन्ही ठिकाणी अर्ज वेगवेगळा करावा लागतो आणि दोघांनी स्वतंत्रपणे घेतलं तरच दुहेरी पदवी. पत्रकारितेचा अभ्यासक्रम ऑगस्ट ते मे असा सलग पिळून काढणारा आहे. सीपाचा एरवी दोन वर्षांचा. काही विषय दोन्हीकडे धरले जातात, म्हणून एकूण काळ थोडा कमी होतो. मी आधी सीपाचं एक वर्ष केलं, मग पुलित्झर हॉल, मग परत सीपा.

‘दोन दोन मास्टर्स कशाला गं?’ असं आत्यापासून व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. माझं उत्तर कांदा हे आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने देते.

मी निफाड तालुक्यातली. आमच्याकडे कांदा, थोडी द्राक्षं आणि मका. आमच्या घरात माझ्या लहानपणापासून परराष्ट्र धोरणावर चर्चा व्हायची, फक्त त्याला ते नाव कोणी दिलं नव्हतं. निर्यात बंद झाली, निर्यातमूल्य वाढवलं, बांगलादेशच्या बॉर्डरवर गाड्या अडकल्या, दुबईला पाकिस्तानचा माल स्वस्त पडतोय, ही वाक्यं चहाबरोबर कानावर पडायची. लासलगाव बाजार समितीतून आलेली हिशोबपट्टी अप्पा भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवत. तिच्यावरचा क्विंटलचा आकडा दिल्लीत आणि ढाक्यात ठरतो, हे आम्हा पोरांना भूगोलाच्या पुस्तकाआधी कळलं होतं.

पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून मी एका मराठी दैनिकात जिल्ह्याच्या पानावर लागले. २९ सप्टेंबर २०१९ला केंद्राने कांद्याची निर्यात अचानक बंद केली. आमच्या पानावर लासलगावचा पडलेला भाव, थांबलेले लिलाव, रस्त्यावर उतरलेले शेतकरी, सगळं आलं. पाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. भारत-बांगलादेश उद्योजकांच्या बैठकीत त्या हसत हसत म्हणाल्या की, तुम्ही कांदा का बंद केलात ठाऊक नाही, मी माझ्या स्वयंपाक्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलंय, पुढच्या वेळी जरा आधी कळवा. सभागृहात हशा पिकला. ही बातमी आमच्याच दैनिकात आतल्या विदेशाच्या पानावर आली, वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुराचा अनुवाद होऊन, गमतीच्या चौकटीत. एकच घटना दोन पानांवर छापली गेली होती, आणि निफाडचा शेतकरी नि ढाक्यातली गृहिणी एकाच निर्णयाची किंमत मोजत आहेत हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. ते लिहायला जिल्ह्याचं पान आणि विदेशाचं पान दोन्ही वाचता येणारं माणूस लागतं. मला तो माणूस व्हायचं होतं.

सीपाच्या पहिल्या वर्षात सिद्धान्तांचा डोंगर असतो. सत्ता, समतोल, संस्था, करार. त्यात रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी १९७७मध्ये मांडलेली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. देश एकमेकांवर अवलंबून असतात, पण हे अवलंबून असणं दोन प्रकारचं. पुरवठा तुटल्यावर लगेच किती कळ लागते, हा एक प्रकार. आणि वेळ मिळाल्यावर दुसरी सोय करता येते की नाही, हा दुसरा. पहिल्यात जो हरतो तो दुसऱ्यात सावरू शकतो, आणि मग पुरवठा तोडणाऱ्याचीच पंचाईत होते. मी हे फोनवर अप्पांना समजावून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे गिऱ्हाईक एकदा मोडलं की मोडलं. ते दुसरं दुकान धरतं. यात नवं काय?’ मला फार आनंद झाला. त्या दिवसापासून तो सिद्धान्त मला परका राहिला नाही.

पुलित्झर हॉलमधलं वर्ष सुरू होत होतं त्याच ऑगस्टमध्ये, २०२३ साली, केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. डिसेंबरात त्याहून मोठा घाव बसला. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद, आधी ३१ मार्चपर्यंत आणि मग त्यापुढेही. मास्टर्सच्या प्रकल्पासाठी मी दुसराच विषय निवडला होता. तो त्याच दिवशी बाजूला ठेवला.

हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. लासलगावचा सकाळचा लिलाव म्हणजे तिकडची रात्र. रात्री अकरा वाजता मी कोटात गुंडाळून फोनवर लिलावाची बोली ऐकायचे. ट्रॅक्टरची घरघर, व्यापाऱ्याचा आवाज, मग एकदम शांतता आणि शेतकऱ्याचं ‘नाही देत’. दिवसा मी क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला जायचे. तिथे ७३व्या रस्त्याच्या आसपास बांगलादेशी दुकानं दाटीने आहेत. तिथल्या एका वयस्क दुकानदाराची बहीण ढाक्यात राहते. बंदीनंतर दोनच दिवसांत तिकडे किलोचा भाव दोनशे टाकांच्या पुढे गेल्याचं तिने त्याला कळवलं होतं. तेच दिवस आमच्याकडे भाव कोसळण्याचे होते, आणि थोड्याच आठवड्यांत तो जवळपास निम्म्यावर आला.

यात एक बारकावा आहे, तो मला इथे सांगायलाच हवा, कारण इंग्रजी बातम्यांत तो मला एकदाही दिसला नाही. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडवायचा. म्हणजे मे महिन्यातली बंदी आणि डिसेंबरातली बंदी कागदावर सारखीच दिसली तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरातल्या बंदीत त्याला वाट पाहायची सोयच उरत नाही. अधिसूचनेत फक्त ‘कांदा’ लिहिलेलं असतं. कुठला कांदा, हे बातमीदाराने विचारायचं असतं.

सीपाचा अभ्यास मला याच्या पुढच्या टप्प्यावर उपयोगी पडला. १ मार्च २०२४च्या सुमारास सरकारने बंदी कायम ठेवून बांगलादेशासाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातींसाठी १४ हजार ४०० टन कांदा सोडायला परवानगी दिली. हा माल एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत जायचा होता. बऱ्याच ठिकाणी ही बातमी ‘कांदा उत्पादकांना दिलासा’ म्हणून आली. वर्गात आम्ही ती वेगळी वाचली. खुल्या बाजारात कोणीही विकू शकतो, सरकारी सवलतीत मात्र कोणाला द्यायचं ते सरकार ठरवतं, आणि तिथे माल ही मैत्रीची भेट होते. जानेवारीत बांगलादेशात निवडणूक होऊन हसीना पुन्हा आल्या होत्या. आमच्या शेतातल्या पिकाने दोन सरकारांमधला एक सौजन्याचा व्यवहार पार पाडला. त्याची किंमत कोणी दिली, हे लिहायला मी लासलगावच्या हिशोबपट्ट्या मांडून बसले. शेवटी ४ मे रोजी बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काची अट घालून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मजकुरात विशेषण घालावं लागत नाही.

दोन शाखांमधला खरा तंटा गुप्ततेवरून आहे. सीपामध्ये निवृत्त राजदूत, अधिकारी, शांतता मोहिमांतून आलेले लोक वर्गात येतात. ते मोकळं बोलतात, कारण बहुतेक वेळा लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७पासूनचा नियम लागू असतो. ऐकलेली माहिती वापरा, पण कोण बोललं आणि तो कुठला, ते सांगू नका. दुसऱ्या दिवशी पुलित्झर हॉलमध्ये प्राध्यापक मजकुरावर लाल रेघ ओढतात: ‘हे कोण म्हणालं? नाव?’ सुरुवातीचे काही महिने मला हे दोन आवाज एकमेकांना खोडणारे वाटले. हळूहळू त्यांचा उपयोग कळला. नाव न घेता मिळालेली माहिती हा बातमीचा शेवट म्हणून फार कमजोर असते, पण सुरुवात म्हणून ती फार मोलाची. कुठलं कागदपत्र मागायचं, कोणाला फोन करायचा, कुठल्या बंदरावरच्या कारकुनाला गाठायचं, हे ती सांगते.

वरच्या माणसाचं ऐकून थांबल्यावर काय होतं याची उदाहरणं दोन्ही शाळांत शिकवली जातात. १९२०मध्ये वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकी पत्रकारांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या रशियन क्रांतीच्या तीन वर्षांच्या बातम्या तपासल्या. बोल्शेविक राजवट आता पडली किंवा पडणार, असं त्या दैनिकाने ९१ वेळा छापलं होतं. राजवट पडली नाही. बातमीदार खोटारडे नव्हते, त्यांना आणि त्यांच्या सूत्रांना जे घडावंसं वाटत होतं ते त्यांना दिसत होतं. याच विद्यापीठात अनेक वर्षं शिकवणाऱ्या रॉबर्ट जर्व्हिस यांनी पुढे राज्यकर्त्यांच्या बाबतीत हेच दाखवलं: समोरच्या देशाकडून जे अपेक्षित असतं तेच त्याच्या प्रत्येक कृतीत दिसू लागतं. मी हे दोघं एकाच आठवड्यात वाचले आणि मला वाटलं की ही एकाच आजाराची दोन निदानं आहेत. २००३च्या इराक युद्धाआधी बड्या दैनिकांनी बड्या अधिकाऱ्यांचं ऐकलं. ‘टाइम्स’ने मे २००४मध्ये आपल्या वाचकांपुढे त्याची कबुली दिली. नाइट रिडर या वृत्तसमूहाचे बातमीदार मात्र मधल्या आणि खालच्या फळीतल्या गुप्तचर नि लष्करी अधिकाऱ्यांशी बोलत राहिले आणि शंका छापत राहिले. त्यांचं त्या वेळी फार कोणी ऐकलं नाही, हेही शिकवलं जातं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. बरोबर असणं आणि ऐकलं जाणं यांची हमी कुठलीच पदवी देत नाही.

एप्रिल २०२४मध्ये जग आमच्या हिरवळीवरच आलं. गाझाच्या युद्धाविरोधात विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले. १८ तारखेला पोलिसांनी शंभरहून अधिक जणांना पकडलं, तंबू पुन्हा उभे राहिले आणि ३० तारखेच्या रात्री पोलिसांनी हॅमिल्टन हॉल रिकामा केला. १९६८मध्येही याच तारखेला, याच इमारतीतून विद्यार्थ्यांना बाहेर काढलं होतं. त्या रात्री पुलित्झर हॉलमध्ये असलेल्यांना बाहेर पाऊल टाकलंत तर अटक होईल, असं पोलिसांनी बजावलं. मी आत होते. बाहेरच्या वाहिन्यांना आवारात प्रवेश नव्हता, त्यामुळे जगाला जे कळत होतं त्यातलं पुष्कळसं विद्यार्थी बातमीदारांकडून जात होतं. विद्यापीठाच्या विद्यार्थी रेडिओवर विशी-बाविशीची मुलं थकलेल्या पण स्थिर आवाजात एकेक गोष्ट सांगत होती: कुठल्या फाटकातून किती पोलीस आले, किती वाजता, आम्ही स्वतः पाहिलेलं हे, आम्ही फक्त ऐकलेलं ते. माझ्या सीपाच्या वर्गात इस्रायली मैत्रीण होती आणि पॅलेस्टिनी कुटुंबातला मित्रही होता. दोघांनीही मला वेगवेगळे फोन करून एकच विचारलं, ‘नक्की काय झालं?’ या प्रश्नाची इतकी किंमत मला त्याआधी कधी जाणवली नव्हती. दोघांना सारखंच उत्तर देता यावं, एवढीच त्या रात्री माझी धडपड होती.

सीपाच्या इमारतीत लेमन ग्रंथालय आहे आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. मराठी विद्यार्थी तिथे जातातच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये ते या विद्यापीठात आले, १९१५मध्ये एम.ए. झाले, १९१६मध्ये लंडनला गेले. परत आल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. मग ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. जगातल्या नामांकित विद्यापीठांत राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने मराठी पाक्षिक काढावं, यातला अर्थ मला त्या ग्रंथालयात बसून अधिक कळला.

तिथेच मी त्यांचं ऑक्टोबर १९५१चं मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याचं निवेदन पुन्हा वाचलं. आपण ते हिंदू कोड बिलासाठी लक्षात ठेवतो. त्यात परराष्ट्र धोरणावरही मोठा भाग आहे. तिथे बाबासाहेब सरळ हिशेब मांडतात: वर्षाला ३५० कोटींचा महसूल, त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर, आणि हा बोजा आपल्याला मित्र न ठेवणाऱ्या परराष्ट्र धोरणामुळे आहे. धोरण बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. मला त्यांची पद्धत शिकायची आहे. परराष्ट्र धोरणाची किंमत देशातला गरीब माणूस मोजतो आणि ती रुपयांत सांगता आली पाहिजे. दोन पदव्यांमधून मला जे हवं होतं ते या एका परिच्छेदात होतं.

मराठीत ही दृष्टी नवी नाही. गोविंद तळवलकर अग्रलेखांतून सोविएत संघाची पडझड वाचकांना समजावून सांगत होते. अरुण साधूंनी चीन, रशिया, क्युबा मराठी घरांत आणले. तो वाचक आजही आहे. आखातात नोकरी करणारा रत्नागिरीचा मुलगा, अमेरिकी व्हिसाच्या नियमांकडे डोळे लावून बसलेलं पुण्याचं कुटुंब, द्राक्षांवरच्या कीटकनाशकांच्या अवशेषांच्या युरोपातल्या तपासणीवर ज्याचं वर्ष अवलंबून आहे तो निफाडचा बागायतदार, या सगळ्यांना विदेशाचं पान रोज लागतं. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो मात्र लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकासाठी लिहिलेल्या मजकुराचा घाईत केलेला अनुवाद. ढाक्यात, दुबईत, कोलंबोत एक मराठी बातमीदार बसवावा, असं आपल्या वृत्तपत्रांना का वाटू नये? खर्चाचं कारण मला मान्य आहे, पण जिथे आपला माल आणि आपली माणसं जातात त्या शहरांशी फोनवरचे पक्के संबंध ठेवायला फार खर्च येत नाही.

खर्चाचं निघालं म्हणून, विचारणाऱ्या मुलामुलींसाठी स्पष्ट सांगते. राहणं-खाणं धरून पत्रकारितेच्या एकाच वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या वर जातो. मला शिष्यवृत्ती मिळाली, उरलेल्यासाठी कर्ज आहे आणि ते अनेक वर्षं राहील. शेत गहाण टाकून या वाटेला जाऊ नका. मोठी शिष्यवृत्ती हातात असेल तरच दुहेरी पदवीचा विचार करा. नसेल तर एक पदवी घ्या आणि दुसऱ्या विषयाचं वाचन स्वतः नेटाने करा. वाचनाच्या याद्या शोधल्या तर मिळतात. वर्गातली चर्चा आणि रात्रभर मजकूर घासून घेणारा प्राध्यापक तेवढा मिळत नाही.

आता मी नाशिकला आहे. १ एप्रिल २०२५पासून कांद्यावरचं उरलेलं २० टक्के निर्यातशुल्कही गेलं आणि लासलगावात लोकांना हायसं वाटलं. पण त्या वर्षी बांगलादेशने आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून बराच काळ आयातीचे परवानेच रोखून धरले. दरवाजा आपण उघडला तेव्हा पलीकडून कडी लागलेली होती. गेल्या काही वर्षांतल्या प्रत्येक बंदीनंतर तिकडे कांद्याखालचं क्षेत्र कसं बदललं, बियाणं कुठून गेलं, आणि आमच्या तालुक्यातल्या किती जणांनी या हंगामात उळं, म्हणजे रोपांसाठी कांद्याचं बी, टाकलंच नाही, याचं काम सध्या चालू आहे. ढाक्याच्या एका बातमीदार मैत्रिणीबरोबर ते करते आहे. ती बांगला भाषेत लिहिणार, मी मराठीत, आणि दोन्ही मजकूर एकाच दिवशी छापायचे आहेत.